दुसऱ्या कंपनीच्या स्टेशनवर गाडी चार्ज करायची, तर अडॅप्टर लागतो का? बेळगाव सीमाभागातल्या ईव्हीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निपाणी-संकेश्वरपासून खानापूर-कणकुंबीपर्यंत कुणी इलेक्ट्रिक गाडी घेतली की पहिल्या काही दिवसांतच त्याची अडॅप्टरची शोधाशोध सुरू होते. कुणी ऑनलाइन मागवतो, कुणाच्या गळ्यात दुकानदार मारतो. यातली बरीच खरेदी अनाठायी असते आणि काही तर सरळ धोक्याची. अडॅप्टर कुठे लागतो, कुठे लागत नाही आणि कुठे चुकूनही लावू नये, हे एका जागी मिळावं म्हणून ही प्रश्नोत्तरं.

माझी गाडी एका कंपनीची आणि स्टेशन दुसऱ्या कंपनीचं. अडॅप्टर लागेल का?

चारचाकी असेल आणि अलीकडची असेल, तर नाही. टाटा, महिंद्रा, एमजी, ह्युंदाई, किया, बीवायडी यांच्या आज भारतात विकल्या जाणाऱ्या ज्या ज्या गाड्यांना डीसी जलद चार्जिंग आहे, त्या सगळ्यांना सीसीएस-२ हेच तोंड आहे. घरच्या विजेसारख्या, तुलनेने संथ एसी चार्जिंगसाठी टाइप-२. महामार्गावरच्या जलद चार्जरची गनही (केबलच्या टोकाचा, गाडीत बसवायचा भाग) सीसीएस-२ चीच असते. त्यामुळे टाटाच्या स्टेशनवर एमजी, ह्युंदाईच्या स्टेशनवर महिंद्रा, पेट्रोल पंपावरच्या चार्जरवर यातली कुठलीही गाडी सरळ लागते.

जुन्या टॅक्सी-वर्गातल्या गाड्या, एमजी कॉमेट आणि दुचाक्या हे अपवाद. त्यांचं खाली वेगळं सांगितलं आहे.

स्टेशनवरची गन आपल्या गाडीची आहे हे ओळखायचं कसं?

गन हातात घेऊन तोंडाकडून बघा. वर गोलसर भाग आणि त्याच्या खाली शेजारी-शेजारी दोन जाड भोकं दिसली, तर ती सीसीएस-२. खालची दोन भोकं डीसी करंटची. वरच्या गोलात सात जागा असतात, पण डीसी गनमध्ये त्यातल्या मधल्या अर्थिंगच्या आणि अगदी वरच्या दोन बारीक अशा तीनच कामाच्या. बाकीच्या चार एसीच्या, त्या डीसी गनमध्ये रिकाम्या असतात. हे पाहून काही जण गन मोडकी आहे म्हणून परत ठेवतात. ती मोडकी नाही, ती तशीच असते.

नुसताच वरचा गोल असेल आणि त्यात सातही पिना असतील, तर ती टाइप-२, म्हणजे एसी. मोठा गोल आणि त्यात नऊ पिना असतील तर ती जीबी/टी, म्हणजे चिनी पद्धतीची. तुमच्या नव्या गाडीला ती लागणार नाही.

मग दुसऱ्या कंपनीच्या स्टेशनवर जाऊन लोक अडकतात ते कशामुळे?

प्लगमुळे जवळपास कधीच नाही. अडतं ते ॲपपाशी, वॉलेटपाशी, गेटपाशी आणि विजेपाशी.

प्रत्येक नेटवर्कचं ॲप वेगळं. टाटा पॉवर ईझेड चार्ज, स्टॅटिक, चार्जझोन, जिओ-बीपी पल्स, झिऑन ही नावं पुणे-बंगळूर रस्त्यावर पुन्हा पुन्हा दिसतात. महाराष्ट्रात महावितरणचं पॉवरअप आहे. ही ॲप घरी बसून, वायफायवर, ओटीपी येतो तिथे टाकून घ्या. स्टेशनवर उभं राहून ॲप उतरवणं, नोंदणी करणं, गाडीची माहिती भरणं, वॉलेटमध्ये पैसे टाकणं हे सगळं मागे दोन गाड्या थांबलेल्या असताना करायचं म्हणजे डोक्याला ताप. त्यात यूपीआय लटकलं तर पैसे बँकेतून जातात आणि वॉलेटमध्ये दिसत नाहीत. वॉलेटमध्ये निदान एका चार्जिंगपुरती शिल्लक कायम असू द्या.

ज्या नेटवर्कचं आरएफआयडी कार्ड मिळतं त्याचं घेऊन ठेवा. कणकुंबी-चोर्ल्याच्या बाजूला मोबाइलची रेंज जाते-येते. ॲप उघडत नाही तिथे कार्ड टेकवून काम होऊ शकतं.

शोरूममधले चार्जर ही आणखी एक अडचण. ॲपवर 'उपलब्ध' दिसतं, तुम्ही रात्री नऊला पोचता आणि गेटला कुलूप. कंपनीच्या शोरूममधला चार्जर दुसऱ्या ब्रँडला चालतो का आणि किती वाजेपर्यंत चालतो, हे आधी फोन करून विचारावं. एखाद्या ठिकाणचा वॉचमन 'आमच्या कंपनीची गाडी नाही' म्हणून परत पाठवतो. त्याच्याशी हुज्जत घालण्यापेक्षा त्याच्यासमोर हेल्पलाइनला फोन लावा, ते कामाला येतं.

आणि वीज. सीमेवरची कोगनोळी ओलांडली की महावितरण संपून हेस्कॉम, म्हणजे कर्नाटकाची वीज कंपनी, सुरू होतं. दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचे दिवस आणि वेळा दोन्हीकडे वेगळ्या. कागलला वीज आहे म्हणून निपाणीला असेलच असं धरून चालू नका.

अमेरिकेतल्या व्हिडिओत फोर्डची गाडी टेस्लाच्या स्टेशनवर अडॅप्टर लावून चार्ज होते. तसला अडॅप्टर आपण घ्यावा का?

नको. तिथला प्रश्न आपल्याकडे नाही. अमेरिकेत टेस्लाचं तोंड वेगळं आणि बाकी कंपन्यांचं वेगळं होतं. टेस्लाने तिथली स्टेशनं दुसऱ्यांना उघडायचं ठरवलं, २०२४ च्या सुरुवातीला फोर्डच्या गाड्यांना प्रवेश मिळाला आणि कंपनीनेच ग्राहकांना अडॅप्टर दिले. आपल्याकडे सीसीएस-२ वर सगळे आले असल्याने तो अडॅप्टर इथे कशालाच बसत नाही. तिकडे सीसीएस-१ होतं, आपलं सीसीएस-२, तेही वेगळं. ऑनलाइन स्वस्तात दिसला तरी पैसे घालवू नका.

मी सरकारी खात्यातून निघालेली महिंद्राची जुनी ई-व्हेरिटो किंवा टाटाची २०१९ च्या सुमाराची टिगोर स्वस्तात घेतोय. तिला सीसीएस-२ अडॅप्टर लावून हायवेवर चार्ज करता येईल?

नाही, आणि व्यवहार पक्का करण्याआधी हे कारण नीट समजून घ्या.

२०१७ मध्ये ईईएसएल या सरकारी कंपनीने दहा हजार इलेक्ट्रिक गाड्यांची निविदा काढली. टाटा आणि महिंद्राच्या त्या काळातल्या या गाड्या ७२ व्होल्टच्या. त्यांचं जलद चार्जिंग भारत डीसी-००१ या पद्धतीचं, १५ किलोवॅटचं, जीबी/टी गनवर. डिसेंबर २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत सार्वजनिक स्टेशनवर असा चार्जर ठेवणं बंधनकारक होतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये ती सक्ती गेली आणि कुठली गन ठेवायची ते स्टेशनवाल्यावर सोडलं. तेव्हापासून नवीन स्टेशनवर ही गन लावायला कुणी फारसं तयार नाही, आणि जुनी बिघडली की दुरुस्तीची घाई कुणाला नसते.

आता अडॅप्टर. हायवेवरच्या सीसीएस-२ चार्जरचा डीसी व्होल्टेज साधारण दीडशे-दोनशे व्होल्टपासून वर सुरू होतो. तुमच्या बॅटरीला हवेत ७२ च्या आसपास. चार्जर इतका खाली येऊच शकत नाही. मग मधे कितीही महागडा जोड घाला, चार्जिंग सुरू होणार नाही. अशी गाडी घ्यायचीच असेल तर घर ते बाजार, घर ते शाळा, रात्री घरच्या प्लगवर चार्ज, इतक्याच हिशेबाने घ्या. बेळगाव-कोल्हापूर ये-जा डोक्यात असेल तर सोडून द्या.

अडॅप्टर म्हणजे शेवटी एक जोडच ना? इतकं काय त्यात?

पंपाच्या पाइपाला रिड्युसर लावला की अडीच इंचाचं पाणी दोन इंचात जातं, तसंच इथेही असेल असं वाटणं साहजिक आहे. पण पाइप एकमेकांशी बोलत नाहीत. गाडी आणि चार्जर बोलतात.

एसीचं बोलणं साधं असतं. कंट्रोल पायलट नावाच्या एका बारीक तारेवर चार्जर सेकंदाला हजार ठोक्यांचा सिग्नल पाठवतो. प्रत्येक ठोक्याची रुंदी सांगते की किती ॲम्पियर घेता येतील. गाडी त्याच तारेवरचा व्होल्टेज खाली ओढून 'तयार आहे' म्हणते. दुसऱ्या बारीक पिनेवर एक रेझिस्टर असतो आणि त्याच्या ओहमवरून केबल किती ॲम्पियरची ते कळतं : २२० ओहम असेल तर ३२ ॲम्पियर, ६८० असेल तर २०.

डीसीचं तसं नाही. सीसीएस-२ मध्ये त्याच पायलटच्या तारेवरून मॉडेमसारखी डिजिटल बातचीत चालते. बॅटरी किती व्होल्टला आहे, किती करंट हवा, कधी थांबायचं, हे सतत चालू असतं. जीबी/टी आणि चाडेमो ही जपानी पद्धत मात्र कॅन नावाच्या वेगळ्याच पद्धतीने बोलतात. म्हणून यांच्यामधला अडॅप्टर नुसता पितळेचा तुकडा असू शकत नाही, त्यात आपला प्रोसेसर आणि सॉफ्टवेअर लागतं. चार्जरचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की तो चालेनासा होऊ शकतो आणि मग तुम्ही हायवेवर अडकलात.

त्याहून गंभीर बाब उष्णतेची. ६० किलोवॅटच्या गनमधून दोनशे ॲम्पियरपर्यंत करंट जाऊ शकतो. कंपनीच्या गनमध्ये तापमान मोजणारे सेन्सर असतात, गरम झालं की करंट कमी होतो. स्वस्त अडॅप्टरमध्ये पिना तापल्या तर चार्जरला पत्ताच लागत नाही. आणि जोडाचं कुलूप नीट नसेल, चालू चार्जिंगमध्ये जोड ओढला गेला, तर डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, डीसीचा येत नाही. माणसाचा हात तिथे असतो, हे विसरू नका. माझं मत ठाम आहे : सामान्य गाडीमालकाने डीसीचा अडॅप्टर विकत घेऊ नये.

एमजी कॉमेट जलद चार्जरवर लावायची असेल तर?

कॉमेटला डीसीची सोयच नाही, तोंड फक्त टाइप-२ चं. अडॅप्टरने ती येणार नाही. बॅटरी १७.३ किलोवॅट-तासांची आहे, रात्रभरात घरी भरते. बाहेर टाइप-२ चा एसी चार्जर शोधा.

बाकी गाड्यांच्या एसी चार्जिंगचंही एक लक्षात ठेवा. स्टेशनवर २२ किलोवॅट लिहिलेलं असलं तरी गाडीतला चार्जर ३.३ किंवा ७.२ चा असेल तर तेवढंच मिळणार. काही एसी स्टेशनांवर गन नसते, नुसतं सॉकेट असतं. तिथे दोन्हीकडे टाइप-२ असलेली स्वतःची केबल लागते. ३२ ॲम्पियरची, चांगल्या कंपनीची केबल डिकीत ठेवणं शहाणपणाचं. खर्च करायचाच असेल तर अडॅप्टरआधी हिच्यावर करा.

स्कूटरचं काय? एथर, विडा, ओला, चेतक, आयक्यूब, सगळ्यांची तोंडं वेगळी आहेत.

हो, दुचाकीत अजून गोंधळ आहे. एथरने बनवलेलं एलईसीसीएस तोंड २०२३ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झालं. हिरोची विडा तेच वापरते, म्हणून एथरच्या ग्रिडवर विडा चालते. ओलाचा जलद चार्जर ओलापुरता.

बाकीच्यांसाठी बाजारात टाइप-२ गनला लावून तीन पिनांचं १५-१६ ॲम्पियरचं सॉकेट देणारा अडॅप्टर मिळतो. तो लावून गाड्यांच्या एसी चार्जरवर आपला घरचा पोर्टेबल चार्जर चालवता येतो. हा अडॅप्टर खरंच उपयोगी आहे. पण त्यात एक खोच आहे. हा अडॅप्टर आतल्या रेझिस्टरने चार्जरला 'गाडी जोडली आहे, तयार आहे' असं सांगतो आणि चार्जर वीज सोडतो. पुढे स्कूटर आहे की उघडं सॉकेट, हे त्याला ठाऊक नसतं. मागून ३२ ॲम्पियर येऊ शकतात आणि पुढे सॉकेट १६ चं. म्हणून १६ ॲम्पियरचा एमसीबी (जास्त करंट गेला की वीज तोडणारा स्विच) आत बसवलेलाच अडॅप्टर घ्या, आणि आधी स्कूटरची पिन लावून मगच ॲपवरून चार्जिंग सुरू करा. काढताना उलट क्रम : आधी ॲपवरून बंद, मग पिन.

गावच्या घरी १५ ॲम्पियरचा पॉइंट नाही. ५ ॲम्पियरच्या पॉइंटला कन्व्हर्टर लावून गाडी चार्ज केली तर?

करू नका. सीमाभागातल्या जुन्या कौलारू घरांत सगळ्यात जास्त दिसणारा आणि सगळ्यात धोकादायक अडॅप्टर हाच. पांढऱ्या प्लास्टिकचा, कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा. वापरलेला एखादा हातात घेऊन बघा : जाड पिनेभोवतीचं प्लास्टिक पिवळट, मग तपकिरी, आणि जवळ नेलं की जळका वास. ३.३ किलोवॅटचा चार्जर सात-आठ तास सलग १४-१५ ॲम्पियर खेचतो. गिझर वीस मिनिटांत बंद होतो, गाडी होत नाही. त्या पॉइंटच्या मागची वायर एक-दीड चौरस मिलिमीटरची, वर लाकडी पाटी, त्यावर तुळई.

मीटरपासून वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० ॲम्पियरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि चांगला १६ ॲम्पियरचा इंडस्ट्रियल सॉकेट. इतकं एकदा करून घ्या. मंजूर लोड कमी असेल तर हेस्कॉमकडे वाढवून घ्या.

एक्स्टेंशन बोर्डाचंही तेच. चार्जिंगच्या मानकातच एक्स्टेंशन कॉर्ड वापरायला मनाई आहे. अंगणात गाडी, माजघरात प्लग आणि मधे दोरासारखी वायर, असं नको.

गाडी घरी लावली की 'अर्थ फॉल्ट' म्हणून लाल दिवा येतो. दुकानदाराने त्यासाठीही एक अडॅप्टर दिला आहे.

तो अडॅप्टर फेकून द्या. त्याच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडलेले असतात, म्हणून गाडीची फसगत होते आणि ती चार्ज व्हायला लागते. पण बाहेर पोलवर न्यूट्रल तुटला, आणि वादळी पावसात आपल्याकडे तो तुटतो, तर २३० व्होल्ट तुमच्या गाडीच्या पत्र्यावर येतात. सकाळी पोरं शाळेला जाताना दाराला हात लावणार.

खरं दुखणं अर्थिंगचं असतं. खानापूरच्या पश्चिमेला जांभ्या जमिनीत ओल टिकत नाही, एप्रिल-मेमध्ये अर्थिंग अगदी कमकुवत होतं. वायरमनला बोलावून मल्टिमीटरने मोजून घ्या : फेज ते अर्थ २३० च्या आसपास हवं, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको. जास्त असेल तर नवा खड्डा, पाइप किंवा कॉपर रॉड, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी. तो खर्च कुठल्याही अडॅप्टरपेक्षा सार्थकी लागतो, आणि फ्रिज-टीव्हीलाही त्याचा फायदा.

शेतातल्या मोटरच्या लाइनवर गाडी चार्ज करता येईल का? वीज फुकटच आहे.

कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या पंपाला मोफत वीज आहे ती पाणी उपसण्यासाठी. त्यावर गाडी लावणं हा अनधिकृत वापर ठरतो आणि दंड येतो. शिवाय पंपाच्या लाइनचं व्होल्टेज चढ-उतार करणारं, गाडीतल्या चार्जरचं नुकसान तुमचंच.

घरच्या मीटरवर गृहज्योतीचा, म्हणजे कर्नाटक सरकारच्या घरगुती मोफत वीज योजनेचा लाभ असेल तर हा हिशेब करा. योजनेत २०० युनिटच्या आत राहिलात तरच लाभ. त्यातही तुमच्या जुन्या सरासरीवर ठरलेली मर्यादा ओलांडली तर वरचे पैसे भरावे लागतात, आणि २०० ओलांडले तर पूर्ण बिल. महिन्याला हजार किलोमीटर गाडी चालवली तर साधारण १३०-१५० युनिट गाडीलाच लागतात. म्हणून ईव्हीसाठी स्वतंत्र मीटर घेता येतं का ते हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसात विचारा. कर्नाटकात ईव्ही चार्जिंगसाठी वेगळा दरवर्ग आहे. अर्जासोबत घराचा उतारा आणि गाडीचे कागद घेऊन गेलात तर हेलपाटा वाचेल.

पावसात चार्जिंग चालतं का?

गाडी आणि गन दोन्ही त्यासाठीच बनवलेल्या असतात, चालतं. मधे अडॅप्टर आला की तोच सगळ्यात कच्चा दुवा. स्कूटरचा टाइप-२ अडॅप्टर वापरत असाल तर सॉकेटचं तोंड खाली आणि जमिनीपासून वर टांगलेलं ठेवा. पाणी साचलेल्या फरशीवर पोर्टेबल चार्जरचा डबा ठेवू नका.

अडॅप्टरमुळे वॉरंटी जाते का?

अनेक कंपन्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात. कंपनीने मान्य न केलेल्या जोडामुळे नुकसान झालं असं सर्व्हिस सेंटरला दिसलं, तर ते नाकारायला त्यांच्याकडे आधार असतो. गाडीचं मॅन्युअल काढून चार्जिंगचं प्रकरण वाचा, त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं.

गन किंवा केबल गाडीतच अडकली. ओढून काढू का?

ओढू नका. ॲपवरून चार्जिंग थांबलंय याची खात्री करा, किल्लीने गाडी एकदा लॉक करून पुन्हा अनलॉक करा, मग गन किंचित आत दाबून बाहेर काढा. तरी नाही निघाली तर अनेक गाड्यांत डिकीत किंवा बॉनेटखाली हाताने कुलूप सोडायची दोरी असते. ती कुठे आहे ते आजच बघून ठेवा, रात्री हायवेवर टॉर्च लावून शोधायची वेळ येऊ नये.

बेळगावहून चोर्ल्यामार्गे गोव्याला जायचंय. निघताना काय बघावं?

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर, त्यामुळे जाताना उतार आणि परतताना चढ. जाताना घाटात ब्रेकबरोबर बॅटरी थोडी भरते, पण ती आधीच पूर्ण असेल तर तो फायदा मिळत नाही. शंभर टक्के करून निघायची गरज नाही, नव्वद पुरे. खरा कस परतीला लागतो. गाडीत चार माणसं, सामान, पाऊस आणि घाट असेल तर सपाटीवरचा किलोमीटरचा आकडा विसरा आणि गोव्यात, घाट चढायच्या आधी, नीट चार्ज करून निघा. तिथलं कोणतं स्टेशन कोणत्या नेटवर्कचं आहे ते बेळगावातच बघून त्याचं ॲप टाका, वॉलेट भरा, आणि शक्यतो जवळपासचं दुसरं स्टेशनही हेरून ठेवा. डिकीत स्वतःची टाइप-२ केबल आणि पोर्टेबल चार्जर असला, की ज्या लॉजवर उतराल तिथे १५ ॲम्पियरचा चांगला पॉइंट आणि धड अर्थिंग आहे का, एवढंच विचारायचं उरतं. बुकिंग करतानाच फोनवर विचारा.